धूळ तेवढी काढलेली चालते

४ नोव्हेंबर

आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात 'निसर्ग जसा आहे तसा' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते आमचे हे. श्रोते दोन: मी आणि उतू जायच्या बेतात असलेलं दूध. फोटोतल्या पक्ष्याला हात लावणं हे पाप आहे, असं ह्यांचं म्हणणं. जो आज एक फांदी काढतो तो उद्या झाड काढेल आणि परवा घारीला मोराचं शेपूट लावेल. दूध उतू गेलं आणि व्याख्यान संपलं.

संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाले, "त्या खंड्याच्या डोक्यामागची फांदी जरा बघ ना. शिंग फुटल्यासारखं दिसतंय."

मी बघितली. म्हणजे उडवली.

हे कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर एक दिवस मीच उतू जाईन, म्हणून ही वही. मी कामाला आहे त्या फोटो स्टुडिओने जाहिरातीसाठी छापली होती. मुखपृष्ठावर लिहिलंय, 'चेहरा तुमचा, जबाबदारी आमची'. त्या जबाबदारीचं काम माझ्याकडे असतं. मुरुम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दुहेरी हनुवटी, आणि एकदा तर एका घरच्या फोटोतले थोरले जावईच. काम झालं की मूळ फोटो पुसून टाकायचा, असा मालकांचा नियम आहे. मूळ फोटो राहिला की कधीतरी कुणाच्यातरी हाती लागतो आणि भांडणं होतात, असं ते म्हणतात. त्यांचा अनुभव दांडगा आहे.

आमचे हे विमा कचेरीत खोटे दावे पकडतात आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी. त्यांच्या छायाचित्र मंडळाने एक सचोटी समिती काढलीय आणि तिचे अध्यक्ष हेच आहेत. स्पर्धेचे नियम ह्यांनी तोंडी सांगितले आणि मी टाइप केले. फोटो कातरलेला चालेल. उजेड कमी-जास्त केलेला चालेल. लेन्सवरच्या धुळीचे ठिपके काढलेले चालतील. बाकी फोटोत काही घालायचं नाही आणि फोटोतून काही काढायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात फांदी ही धूळ आहे, विजेची तार ही धूळ आहे, आणि गेल्या महिन्यात एक अख्खा बगळा धूळ निघाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ नोव्हेंबर

चहा गाळायला गेले तर गाळणीत रंगीत मणी. पिवळे, निळे, हिरवे, लाल. वन्संने धुवायला घातलेले.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून लहान आहे, लग्न केलेलं नाही, आणि मागच्या खोलीत राहते. मी तिला वन्सं म्हणायला लागले ते टोमणा म्हणून. तिला ते आवडलं, त्यामुळे टोमणा फुकट गेला आणि नाव राहिलं. गावाबाहेरच्या दलदलीच्या कडेला तिच्या खात्याचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. तिथे ती जाळी लावून पक्षी पकडते, त्यांचं वजन करते, त्यांच्या पायात काहीतरी घालते आणि सोडून देते. मग घरी येऊन माझ्या पुसलेल्या फरशीवर चिखलाचे बूट काढते आणि जेवताना पक्ष्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलते. मी 'हो का, अरे वा' म्हणत वाढत राहते. तीन वेळा 'हो का' आणि एकदा 'अरे वा' एवढ्यावर एक जेवण निभावतं.

आज मात्र ती गप्प होती. तिच्या वरच्या कचेरीतून पत्र आलंय. इतक्या हंगामांत इथे सोडलेला एकही पक्षी पुन्हा इथे दिसल्याची नोंद नाही. पक्षी इथे परत येतच नसतील तर ही दलदल राखायची कशाला, आणि केंद्र तरी कशाला ठेवायचं? महिनाअखेर केंद्राला कुलूप लागणार आणि हिची बदली पार लांबच्या समुद्रकाठी होणार.

"एक पक्षी दिसला तरी पुरे गं वहिनी," ती म्हणाली. "एक, नीट फोटोसकट. परत येतात ते. मला माहीत आहे."

"हो का," मी म्हणाले.

मागची खोली मोकळी होईल. तिथे खिडकीखाली माझं कामाचं टेबल छान बसेल. मनातल्या मनात मापही घेऊन झालं. सुटले बाई एकदाची. हे लिहून झाल्यावर उगाचच सगळी गाळणी पुन्हा घासली.

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या वार्षिक स्पर्धेसाठी ह्यांचा फोटो ठरला. पाणटिवळा. लांब पायांचा, त्याहून लांब चोचीचा, चिखलात तोंड खुपसून पोट भरणारा पक्षी. हे सकाळीच दलदलीवर जाऊन काढून आले आणि येताना असे चालत होते की शेजाऱ्यांनी बाजूला होऊन वाट द्यावी.

फोटो मुळात असा होता: चिखल, मध्ये पाणटिवळा, मागे मोडका खांब, पुढे प्लास्टिकची पिशवी, आणि उजव्या कडेला दुसऱ्या कुठल्यातरी पक्ष्याचं ढुंगण.

"पिशवी," हे म्हणाले.

"ती लेन्सवर होती का?"

"अगं, पिशवी हा निसर्ग आहे का? नाही ना? मग ती काढली तर फोटो निसर्गाच्या जवळच जाणार."

विमा कचेरीत समोरच्या माणसाने असा युक्तिवाद केला असता तर ह्यांनी त्याला पोलिसांत दिलं असतं. पिशवी काढली. मग ढुंगण काढलं, कारण ते 'लक्ष विचलित करतं'. मग खांब. पक्षी डावीकडे बघत होता, तर परीक्षकांना उजवीकडे बघणारा आवडतो म्हणे, म्हणून आरशात बघावं तसा अख्खा फोटो उलटा केला.

"पाय जरा स्वच्छ कर," जाता जाता म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

पाय चिखलाने बरबटलेले होते. एका पायाला गुडघ्याच्या वर काहीतरी पिवळं-निळं अडकलेलं. गोळीचा कागद असेल, नाहीतर दोरा. लोक कुठे काय टाकतील याचा नेम नाही. ते उडवलं. एवढ्याशासाठी थांबून विचार करायचा तर आमच्या धंद्यात संध्याकाळ होईल. हात आपला आपण चालतो. मग सवयीने मूळ फोटो पुसला आणि कचरापेटीही रिकामी केली. ह्यांनी तर कार्ड तेव्हाच कोरं केलं होतं, पुढच्या रविवारसाठी.

फोटो खरंच देखणा झालाय. असा पाणटिवळा पाणटिवळ्यांनीसुद्धा कधी पाहिला नसेल.

१४ नोव्हेंबर

स्टुडिओत एक आजोबा परत आले. गेल्या आठवड्यात वारलेल्या बायकोचा फोटो मोठा करायला देऊन गेले होते. आज हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "तीळ कुठे गेला?"

ओठाजवळ तीळ होता म्हणे. असणार. मी काढला असणार. त्यांच्याकडची प्रत जुनी होऊन चिकटून गेली होती, ती स्कॅन करतानाच फाटली. आमच्याकडची फाइल अर्थातच पुसलेली. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी मशीनकडे. म्हटलं, बसा आजोबा, लावून देते. ओठाच्या उजवीकडे एक झकास तीळ लावून दिला, खऱ्याहून खरा. आयुष्यभर तीळ काढले, आज पहिल्यांदाच लावला.

आजोबांनी पुन्हा बराच वेळ बघितला. "हो, हो. छान झालाय," म्हणाले आणि पिशवीत ठेवला. दारातून जाताना स्वतःच्याच ओठाच्या डाव्या बाजूला बोट लावून थांबले होते. दाढ दुखत असेल बिचाऱ्यांची.

मालक म्हणाले, "बघ, गिऱ्हाईक खूष." मीही खूष.

२२ नोव्हेंबर

आमच्या ह्यांना पहिलं बक्षीस. कप एवढा मोठा आहे की त्यात पाणटिवळा उभा राहील.

सभागृहात भिंतीभर फोटो लावले होते. ह्यांनी कप घेऊन भाषण केलं. संयम, पहाट, चिखल, आणि 'जे समोर आहे त्याच्याशी इमान'. एक बाई डोळे पुसत होत्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. बायकोला दुसरं काय काम असतं?

भाषणानंतर वन्संला दोन मिनिटं बोलायला दिली. ती तशीच आली होती, बाहीवर चिखल. तिने पिशवीतून एक पिवळं आणि एक निळं कडं काढून दाखवलं, माझ्या गाळणीतलंच. म्हणाली, "आम्ही इथल्या पाणटिवळ्यांच्या पायात ही कडी घालतो. वर पिवळं, खाली निळं. जगात दुसरं कुणी ही जोडी वापरत नाही. तुमच्यापैकी कुणाच्याही फोटोत असा पाय असेल, कितीही वाईट फोटो असला, तरी मला द्या."

पुढे ती आणखी काही सांगत होती. मला ऐकू आलं नाही. माझ्यापुढे तो गुडघ्यावरचा पिवळा-निळा गोळीचा कागद होता.

कार्यक्रम संपल्यावर ती ह्यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. बाकीचे सगळे पक्ष्याच्या डोळ्याकडे बघत होते, ही पायांकडे.

"दादा, केवढे स्वच्छ पाय आहेत रे ह्याचे," ती म्हणाली.

"नशीब लागतं," हे म्हणाले.

२३ नोव्हेंबर

सकाळपासून घरचा कॉम्प्युटर उलटा-पालटा केला. मूळ फोटो नाही. कचरापेटीत नाही. कार्डात तर ह्यांनी त्यानंतर तीनदा नवे पक्षी भरलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. कळसा काखेतून फेकून देणाऱ्या बाईसाठी वेगळी म्हण आहे का, माहीत नाही.

ह्यांना सांगितलं. हे कप पुसत होते.

"तू काढलंस?"

"मी काढलं. तुम्ही म्हणालात पाय स्वच्छ कर."

"मी चिखल म्हणालो होतो!"

"चिखल तरी निसर्गातला होता."

हे खाली बसले. मग उठले. मग म्हणाले, "हे बघ, बदली म्हणजे काही फाशी नाही. समुद्रकाठ आहे. हवा चांगली असते." मग म्हणाले, "आणि आता फोटोच नाही म्हटल्यावर सांगून उपयोग काय? उगाच तिला त्रास." मग म्हणाले, "समितीचं काय होईल?" हे तीन विचार ह्याच क्रमाने आले. नोंद असावी म्हणून लिहिलंय.

मी तरी कुठली मोठी हरिश्चंद्राची नात लागून गेले? मलाही तेच हवं होतं: कुणी काही बोलू नये, वन्संने जावं, खोली मोकळी व्हावी. जेवताना ह्यांनी बहिणीकडे न बघता दोनदा मीठ मागितलं. मीठ त्यांच्या पुढ्यातच होतं.

२४ नोव्हेंबर

एक विचार सुचलाय आणि तो मला फार हुशारीचा वाटतोय. त्यामुळे भीतीही वाटतेय.

तीळ परत लावता येतो. मग कडं का नाही?

खोटं काय आहे त्यात? कडं होतंच. मी फक्त होतं ते जागेवर ठेवणार. उलट कड्याशिवायचा फोटो खोटा. आज दुपारी स्टुडिओतून लवकर येऊन बसले. पिशवी परत घातली, खांब घातला, ढुंगणसुद्धा घातलं. वर पिवळं, खाली निळं. थोडा चिखल उडवला, निळ्यावर जुनेपणाची एक चीर पाडली. इतकं मन लावून मी कुणाच्या लग्नाचेही फोटो केले नाहीत. झाल्यावर लांबून बघितलं तर हुबेहूब तेच होतं.

ह्यांना दाखवलं नाही. सचोटी समितीला कशाला त्रास.

२५ नोव्हेंबर

वन्सं सामान बांधत होती. कडी, छोटा तराजू, जाळ्या. मी फोटो पुढे केला. म्हटलं, ह्यांच्या जुन्या कार्डात सापडला, मूळचा.

तिने बघितलं आणि ती खालीच बसली. "आला," म्हणाली. "वहिनी, आला गं हा! परत आला!" हसत होती आणि चिखलाच्या बाहीने डोळे पुसत होती. मग उठून तिने मला मिठी मारली. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. मी हात कुठे ठेवायचे ते न कळून तसेच लोंबकळत ठेवले.

तिने कचेरीला पत्र लिहायला घेतलं. मी दारात उभी. संपलं होतं सगळं. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तेवढं मला येतं.

लिहिता लिहिता ती थांबली. फोटो मोठा करून बघितला.

"उजव्या पायात?"

मला कळेना.

"आम्ही ही जोडी डाव्या पायात घालतो. नेहमीच. उजव्यात नुसतं धातूचं, नंबराचं." तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर अजून हसूच होतं. "दादाने फोटो उलटा केला असेल का गं?"

तिनेच वाट काढून दिली होती. 'हो' म्हणायचं, एवढंच. आणि ते खरंही होतं. फोटो उलटाच केला होता, मीच केला होता, आणि रंगवताना साफ विसरले होते. पण ती ज्या तोंडाने बघत होती ते तोंड मला बघवेना.

"वन्सं," मी म्हणाले, "ते कडं मी रंगवलंय. खरं होतं ते मीच पुसलं. कचरा समजून."

मग सगळं सांगितलं. पिशवी, ढुंगण, कार्ड, सगळं. ती सामानातल्या जाळीची एक गाठ सोडवत होती, तीच परत बांधत होती.

"पिवळं वर होतं? नक्की?"

"नक्की. रंग मी विसरत नाही."

"म्हणजे आला होता."

"आला होता."

"मग मला पुरलं. त्यांना नाही पुरणार." तिने पत्र फाडलं.

"पण खरं आहे ना ते! मी काय नसलेलं घातलंय का? जे होतं तेच..."

"होतं ते खरं होतं. हे तू केलेलं आहे." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही चढवता आला असता. "तू माझं ऐकत नाहीस हे मला माहीत होतं, वहिनी. त्याचं काही नाही, कुणीच ऐकत नाही. पण ही कडी रोज तुझ्या टेबलावर असायची. गाळणीत असायची. तुला दिसतसुद्धा नव्हती?"

मी तिच्या सामानातलं एक कडं उचललं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं.

२६ नोव्हेंबर

आज घरात ज्याने त्याने आपापलं ताट वाढून घेतलं.

ह्यांना तिनेच सांगितलं की तिला कळलंय. हे म्हणाले, "मी सांगणारच होतो." ती म्हणाली, "हो का." अगदी माझ्यासारखं म्हणाली.

२७ नोव्हेंबर

आजोबा फ्रेम करून घ्यायला आले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आजोबा, तीळ डावीकडे होता ना?"

ते ओशाळले. चूक माझी आणि ओशाळले ते. "डावीकडेच. पण तुम्ही एवढं मनापासून लावून दिलात, म्हटलं आता काय बोलायचं."

तीळ डावीकडे नेला. ते म्हणाले, "हां. आता घरच्यासारखी बघतेय."

हा तीळही मीच लावलेला, पण तो कुठे होता हे सांगणारा माणूस शेजारी बसला होता. दोन्हींत फरक आहे. काय ते मला नीट मांडता येत नाही, पण आज दिवसभर मी एकाही चेहऱ्यावरचा एकही डाग विचारल्याशिवाय काढला नाही. मालक म्हणाले, बरं नाही का?

संध्याकाळी घरी आले तर वन्संची खोली जवळजवळ रिकामी. खिडकीखाली टेबलाची जागा मोकळी. तिथे उभी राहून बघितलं. उजेड काही खास येत नाही तिथे.

२९ नोव्हेंबर

आज वन्सं केंद्राला कुलूप लावायला निघाली. मी म्हटलं मीही येते. ती म्हणाली कशाला. मी म्हटलं कॅमेरा आणते. तिने जादाचे बूट बाहेर काढून ठेवले. ते मला इतके मोठे होते की प्रत्येक पावलाला पाय आधी निघायचा आणि बूट मागून यायचा. हेही आले, कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर घेऊन, न बोलता. ह्यांना न बोलता चालताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

दलदलीवर पाणटिवळेच पाणटिवळे. सगळे सारखे. वर त्यातले अर्धे एका पायावर उभे, दुसरा पाय पोटात घेऊन. ज्या पायासाठी आम्ही आलो तोच पाय खिशात घातल्यासारखा. वन्सं दुर्बिणीतून एकेक पक्षी बघत होती. उन्हं वर आली, बगळे आले, गेले. हे दोनदा घड्याळाकडे बघायला गेले आणि माझी नजर पडताच थांबले.

मी दुर्बीण घेतली नाही. मला ती लावताच येत नाही. मी नुसतं बघितलं, शाळेच्या वर्गाचा फोटो बघते तसं. साठ पोरं, आणि तिसऱ्या रांगेत एकाचे डोळे मिटलेले असतात. ते कसं दिसतं हे मला सांगता येत नाही. चेहरे बघायचेच नाहीत, सगळं मिळून बघायचं आणि काय खुपतंय ते शोधायचं.

खुपलं.

"वन्सं. तो खांब. त्याच्या अलीकडे पिशवी. पिशवीच्या मागे जो आहे ना..."

"एका पायावर आहे तो."

"पाय खाली ठेवताना दिसलं मला. आत्ताच वर घेतला."

"रंग?"

"पिवळा."

ती दुर्बीण धरून बसली. पक्षी हलेना. मी कॅमेऱ्यातून बघत बसले. हे कानाशी कुजबुजले, "उजेड जरा..."

"गप्प बसा."

मग मागून दुसरा पाणटिवळा त्याला ढकलून पुढे आला. आपला पक्षी चिडला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. मी बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

फोटो असा आहे: क्षितिज तिरकं. पुढे पिशवी. मागे खांब. आपल्या पक्ष्याचं डोकं दुसऱ्याच्या ढुंगणामागे गेलेलं, चोच नाहीच. पाय मात्र दोन्ही आहेत, चिखलाने बरबटलेले. डाव्या पायात वर पिवळं, खाली निळं.

वन्संने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. एकदा, दोनदा, मोठा करून. या वेळी ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "डावा," आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते मला या वेळी कळलं.

कुलूप वन्संच्या पिशवीतून बाहेर आलंच नाही. कार्ड मी स्वतः काढून वन्संच्या हातात दिलं. ह्यांच्या हातात नाही आणि माझ्या तर मुळीच नाही.

८ डिसेंबर

वरच्या कचेरीचं पत्र आलं. नोंद मान्य. केंद्र आणखी दोन हंगाम चालू राहणार, पुढचं पुढे. म्हणजे मागची खोली अडकलीच. माझं टेबल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, होतं तिथेच. आमच्या नशिबी सुख नाही.

काल मंडळाची सभा झाली. हे कप घेऊन गेले आणि सगळं कबूल केलं. 'माझ्या पत्नीच्या हातून' हे शब्द चार वेळा आले, पण 'माझ्या सांगण्यावरून' हेही एकदा आलं. एकदा तर एकदा. राजीनामा देताना सचोटीवर असं काही बोलले की लोक उभे राहिले आणि त्यांना एकमताने पुन्हा अध्यक्ष करून टाकलं. नवा नियम झाला: मूळ फोटो पुसायचा नाही. कप दुसऱ्या नंबरला गेला. त्या फोटोत सूर्य एक आणि सावल्या दोन दिशांना पडल्यात. मी काही बोलले नाही. त्या गृहस्थांचीही बायको कुठेतरी कामाला असेल.

माझा फोटो वन्संने मोठा करून स्वयंपाकघरात लावलाय. हे येता-जाता त्याच्यासमोर थांबतात. आज राहवलंच नाही.

"ती पिशवी तेवढी..."

आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाणी प्यायला गेले.

जेवताना वन्सं सांगत होती, आपल्याला पक्ष्याचा गुडघा वाटतो तो गुडघा नसतोच, ती टाच असते. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मी मध्येच विचारलं, "मग कडं टाचेच्या वर घालता का?"

ती घास हातात धरून थांबली. मग पहिल्यापासून सांगायला लागली. भात गार झाला. मी 'हो का' एकदाही म्हणाले नाही.